ह्यांच्या तोंडातली पट्टी

ये गं, जवळ येऊन बस. म्हणजे हे कागद हातात घे आणि मी तुझ्या शेजारी बसले आहे असं समज. आधी तो मोबाइल पालथा घाल. मागच्या आठवड्यात फोनवर तू हसलीस ना, ते मला मुळीच आवडलं नाही. "मावशी, आमच्याकडे रात्री ट्रॅक्टर चालतो, मी आपली उशी घेऊन हॉलमध्ये पळते," म्हणालीस आणि खिदळलीस. मीही हसले तुझ्याबरोबर. फोन ठेवला आणि मग माझं कशात लक्ष लागेना. वांगी चिरायला घेतली, अर्धी टाकून उठले. ऊंजलवर जाऊन बसले (आमच्या मधल्या घरातला झोपाळा, तू लहानपणी ज्यावरून पडलीस तोच), दोन झोके घेतले, पुन्हा उठले. तेव्हाच तुला रागवायला हवं होतं. ते राहिलं, म्हणून आता लिहून रागावते. नवरा घोरतो म्हणून लांब पळतेस काय वेडे? एकदा तरी जवळ बसून ऐकलंस का?

तू म्हणशील, मावशीला काय कळतं. इथे तंजावूरला शाळेत मी तमिळ शिकले, तीही आठवीपर्यंत. देवनागरी माझी मी गिरवली, आधी सासूबाईंच्या आरत्यांच्या वहीवरून, मग तू पुण्याहून पाठवतेस त्या बाकरवड्या ज्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या असतात त्या तुकड्यांवरून. तुझ्या लग्नात तुझा नवरा म्हणाला होता, "मावशी बोलतात ते ऐतिहासिक नाटकातल्यासारखं वाटतं." वाटू दे. घोरणं ह्या विषयात मात्र माझ्याइतका अभ्यास तुमच्या पुण्यात कुणाचा नसेल.

आमचे हे लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून घोरतात. चव्वेचाळीस वर्षं झाली. तेव्हा राजवाड्यामागच्या ह्याच घरात आम्ही सगळे कूडममध्ये, म्हणजे मधल्या मोठ्या घरात, ओळीने चटया टाकून निजायचो. वर छपराला चौकोनी उघडी जागा होती, आवाज तिथून आभाळात जायचा. सासूबाई म्हणायच्या, "माझा लेक पोटभर जेवला की असा आवाज येतो." त्यांना ते घोरणं म्हणजे माझ्या स्वयंपाकाला मिळालेली शाबासकी वाटायची. मलाही वाटू लागली. पाहुण्यांत चेष्टा चालायची, मुली लहानपणी बापाची नक्कल करून दाखवायच्या, हेही हसायचे. त्यात काळजी करण्यासारखं काही असेल असं आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या मनात आलं नसेल.

मग मुली लग्न होऊन गेल्या, सासूबाई गेल्या, आम्ही दोघंच उरलो. थोरलीनं हट्टानं एका खोलीत ए.सी. बसवून दिला. झालं, दार बंद, खिडक्या बंद, आणि जो आवाज इतकी वर्षं आभाळात जात होता तो थेट माझ्या उजव्या कानात. मी कापूस घातला. डाव्या कुशीवर निजून पाहिलं. तुझ्यासारखीच उशी घेऊन कूडममध्येही जाऊन निजले काही दिवस. तेव्हा मला कुणी रागावलं असतं तर फार बरं झालं असतं.

मला जाग आणली ती बसनं.

कुंभकोणमला एका घरी बारसं होतं. सकाळची बस, खिडकीशी हे, शेजारी मी, माझ्या मांडीवर केळीच्या पानात बांधलेली फुलं. तंजावूर सुटून थोडं पुढे जातो न जातो तोच ह्यांची मान मागे गेली आणि सुरू. काय सांगू तुला, लाज लाज वाटली. पुढच्या दोन कॉलेजच्या मुली तोंडावर ओढणी धरून हसायला लागल्या. कंडक्टर आला आणि म्हणाला, "मामी, मामांच्या आवाजाचं वेगळं तिकीट फाडू का?" इथे मला सगळे मामीच म्हणतात आणि ह्यांना मामा. सगळी बस हसली. मीही हसले, करते काय?

आणि आवाज बंद पडला.

"अय्यो, इंजिन गेलं!" मागून कुणी तरी ओरडलं, पुन्हा हशा. मी ह्यांच्याकडे पाहिलं, कोपरानं ढोसावं म्हणून. भर उजेड होता. घरी अंधारात जे कधी दिसलं नव्हतं ते तिथे समोर दिसलं. तोंड उघडं होतं. पोट आत ओढलं जात होतं, छाती हलत होती, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, पण वारा आत जात नव्हता. म्हणजे माणूस दार ढकलतो आहे आणि आतून कडी लागली आहे, तसं. मी मनात देवीच्या आरतीचं एक कडवं म्हटलं. ते संपलं. दुसरं सुरू केलं. मग एकदम घशातून मोठा आचका आला, पाण्यात बुडालेल्याला केसाला धरून वर ओढावं तसा. ह्यांनी डोळे उघडले, "पापनाशम आलं?" विचारलं आणि उत्तर द्यायच्या आत पुन्हा निजले. पुन्हा घोरणं. पुन्हा बंद.

बसमधली माणसं हसत होती आणि मी मांडीवरची फुलं पानासकट चुरगळली होती. कारण ती शांतता माझ्या ओळखीची होती. रात्री घोरता घोरता हे असेच गप्प व्हायचे. मला वाटायचं, चला, कूस बदलली, आता दोन घटका सुटले. त्या शांततेची मी वाट पाहायची, तेवढ्यात डोळा लावून घ्यायची. समजलीस का मी काय म्हणते? माझ्या नवऱ्याचा श्वास थांबायचा, तेवढ्यात मी झोपून घ्यायची. कोण जाणे किती वर्षं.

बारशात मी काय जेवले मला आठवत नाही.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बसमध्ये कुणीही झोपतो." डॉक्टरचं नाव काढलं की पेपर तोंडासमोर. आणि मग आठ दिवसांत ती शेळी आली.

आमचं थोडं शेत पापनाशमच्या अलीकडच्या गावात आहे, भाताचं. हे मोपेडवरून जाऊन पाहून यायचे. ते त्यांचं सुख. बांधावर उभं राहायचं, पाण्याकडे पाहायचं, कुळाच्या माणसाशी दोन शब्द बोलायचे, नारळाचं पाणी प्यायचं आणि परत. त्या दिवशी सकाळी दहा वाजता हे परत आले ते दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसून, वेष्टी, म्हणजे धोतर, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. मोपेड कालव्यात.

"शेळी आडवी आली," म्हणाले.

आणून सोडणारा माणूस आमच्या शेजारच्या शेतातला. तो दारातच उभा राहून म्हणाला, "शेळीबिळी काही नव्हती, मामी. मामा सरळ रस्त्यावरून सरळ पाण्यात गेले. डोळे मिटलेले होते. पाणी सोडलेलं नव्हतं म्हणून बरं."

पाणी सोडलेलं नव्हतं म्हणून बरं. हे वाक्य मी दिवसभर घरात घेऊन फिरले. कपडे वाळत घातले, पुन्हा काढले, ओलेच घडी केले.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना अक्षरशः हाताला धरून छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी झोपेची टेस्ट करायला सांगितली. घरीच. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाखाली नळी, आणि मग म्हणे नेहमीसारखं झोपा. रिपोर्ट आला. तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवला. मी तो इथे लिहीत नाही. डॉक्टर म्हणाले, माणूस रात्रभर निजतो पण त्याची झोप होतच नाही, म्हणून दिवसा डोळा लागतो, हृदयावर ताण येतो तो वेगळा. आणि म्हणाले, झोप सुधारल्याचं दुसऱ्या टेस्टमध्ये दिसेपर्यंत मोपेडला हात लावायचा नाही. हे माझ्याकडे असं पाहायला लागले की जणू मीच डॉक्टरला फितवलं.

आधी नाकावर लावायचं यंत्र दिलं, वारा फुंकणारं. ते सगळ्यांत चांगलं, डॉक्टर म्हणाले, आणि असेलही, पुष्कळांना लाभतं. ह्यांना नाही लाभलं. "मला हत्ती केलास," म्हणायचे आणि मध्यरात्री झोपेतच ओढून फेकून द्यायचे. सकाळी ते चपलांजवळ सापडायचं. तीन आठवडे झगडलो. तेव्हा डॉक्टर म्हणाले, अजून एक उपाय आहे, सगळ्यांना तितका लागू पडत नाही, पण मामांचे दात पक्के आहेत, करून पाहू. दातांच्या डॉक्टरकडे जा.

आता घोरण्याचा आणि दातांचा काय संबंध? मी हेच विचारलं. दातांची डॉक्टर म्हणजे एक लहानशी मुलगी, तुझ्याहून लहान, केसांत मोगऱ्याचा गजरा. तिनं स्वतःच्या हनुवटीला धरून दाखवलं. "मामी, झोपेत खालचा जबडा असा मागे पडतो. जीभ त्याच्याबरोबर मागे जाते. घशातली वाट अरुंद होते. मी वरच्या आणि खालच्या दातांवर बसणाऱ्या दोन पट्ट्या करीन, एकमेकींना जोडलेल्या. त्या खालच्या जबड्याला थोडं पुढे धरून ठेवतील. वाट उघडी राहील."

"ड्रॉवर थोडा बाहेर ओढून ठेवल्यासारखं," मी म्हटलं.

"अगदी तसंच," ती म्हणाली. मला फार हुशार वाटलं.

मग तिनं दातांचा साचा घेतला. थंड लगद्यासारखं काही तरी भरून ह्यांच्या तोंडात दाबलं आणि म्हणाली, हलू नका, बोलू नका. मी तेवढ्या वेळात शेळीची गोष्ट तिला सविस्तर सांगून टाकली. हे नुसते डोळे वटारत राहिले. चव्वेचाळीस वर्षांत ह्यांनी मध्ये न तोडता मी बोलले ती तेवढीच.

पट्टी आली. पारदर्शक, जाडसर, डब्यात दोन चंद्रकोरी एकमेकींवर ठेवाव्यात तशी. बाजूला बारीकसा स्क्रू, तो इवल्याशा किल्लीनं फिरवायचा, म्हणजे जबडा केसाकेसानं पुढे. डॉक्टरनं सगळं समजावलं. सकाळी जबडा आखडेल, लाळ जास्त सुटेल, दात थोडा वेळ एकमेकांवर बसायचे नाहीत, घाबरू नका, हे व्यायाम करा. आणि धुवायची कशी? "मऊ ब्रश आणि थंड पाणी, मामी. गरम पाणी दाखवायचंच नाही." मी मान हलवली. दोनदा हलवली.

पण गं, ती पट्टी घरी आली आणि आमच्या घरात जे व्हायचं तेच झालं.

तुला आमच्याकडची रीत माहीत आहे. पाणी प्यायचं ते टंबलर उंच धरून, वरून धार सोडून. ओठाला लागलेलं भांडं ते उष्टं, इथे एच्चिल म्हणतात, आणि एच्चिल हाताला लागलं तर हात धुवायचा, जमिनीला लागलं तर जमीन पुसायची. तुझा नवरा पहिल्यांदा आला तेव्हा टंबलरला तोंड लावून घटाघटा पाणी प्यायला, आणि मी हसत हसत ते टंबलर मागच्या दारी नेलं. पाहिलं होतंस तू, पण बोलली नाहीस. शहाणी आहेस.

आणि आता ही वस्तू. रात्रभर तोंडात. पहिल्या रात्री हे पलंगावर बसून पट्टी हातात धरून पाहत राहिले.

"सत्तरी झाली माझी, टंबलर कधी ओठाला लावला नाही. आणि हे रात्रभर चोखत निजू?"

"चोखू नका. नुसतं धरून ठेवा."

"तू धरून दाखव."

"माझ्या मापाची नाही," मी म्हटलं. हसले आणि घातली त्यांनी.

सकाळी ती ठेवायची कुठे, ह्यावर आमची पंचाईत. स्वयंपाकघरात तर नाहीच. देवाच्या भिंतीला लागून नाही. एकदा ह्यांनी विसरून डबी कॉफीच्या फिल्टरशेजारी ठेवली, तर मी तो अख्खा ओटा धुतला आणि आम्ही दोघं नऊ वाजेपर्यंत कॉफीवाचून बसलो. शेवटी मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडावरच्या कोनाड्यात तिला जागा दिली.

आणि तिनं काम केलं! आधी वाटलं माझे कान गेले. पहिल्या आठवड्यात ट्रॅक्टरचं शिवणयंत्र झालं. किल्ली फिरवत गेलो तसं महिन्याभरात नुसतं मांजर घुरघुरावं एवढंच राहिलं, आणि मधल्या त्या शांतता, त्या भयंकर शांतता, गेल्या. हे सकाळी उठून पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला लागले, मध्ये मान न टाकता. "दुसरी टेस्ट कधी?" म्हणून विचारायला लागले. मोपेडवरची धूळ पुसायचे रोज. मी झोपले गं तेव्हा. बसच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा पुरती झोपले.

मग सासूबाईंची तिथी आली.

तिथीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घर कसं असतं तू पाहिलंयस. जमीन सारी धुतलेली, भांडी काढून उकळत्या पाण्यातून काढलेली, सोवळ्याचं धोतर आणि लुगडं वेगळ्या काठीवर उंच वाळत. मी मागच्या अंगणात चुलीवर मोठा हंडा ठेवून एकेक भांडं बुडवत होते. आणि वर पाहिलं तर कोनाड्यात ती डबी. रात्रभर लाळेत भिजलेली वस्तू, आणि उद्या घरात पितर जेवायला येणार, आणि ते पितर म्हणजे माझ्या सासूबाई, ज्यांनी मला उष्ट्या हाताने डाव धरला म्हणून आमटी ओतून टाकायला लावली होती. थंड पाण्यानं काय शुद्ध होतं? मी विचार केला असं म्हणणार नाही. विचार केला असता तर डॉक्टरचं वाक्य आठवलं असतं. हातानं केलं. डबी उघडली, सांडशीनं पट्टी धरली, हंड्यात सोडली, उष्ट्या वाटीला देते तेवढा वेळ दिला आणि काढली. वर धरून पाहते तर उलट जास्तच लकाकत होती. मनाला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

त्या रात्री घालताना हे म्हणाले, "थोडी टोचते."

"दमलात दिवसभर," मी म्हटलं.

तिथी पार पडली. दोन दिवसांनी घुरघुर वाढली. चौथ्या दिवशी ट्रॅक्टर. आणि मग एका रात्री ती शांतता परत आली, मी उठून बसले आणि ह्यांना गदागदा हलवलं.

आता माझी शोभा ऐक. मला वाटलं, हेच रात्री पट्टी काढून ठेवत असणार, त्या यंत्रासारखी. "काढता ना तुम्ही? खरं सांगा. माझ्यासाठी एवढं करवत नाही?" हे म्हणाले, "नाही काढत." मी विश्वास ठेवला नाही. मग डॉक्टरीण वाईट ठरवली. "कोवळी पोर, कसली मापं घेतली असतील गजरा सांभाळत." फोनवर थोरलीलाही तेच सांगितलं. दिवसा मला एका जागी बसवेना. दारापर्यंत जायची, परत यायची. रसमात मीठ दोनदा, कॉफीत एकदाही साखर नाही. रात्री ह्यांच्या पोटावर हात ठेवून बसायची, हात वर गेला की माझा श्वास, खाली आला की माझा श्वास. हात थांबला की हलवायचं. हे बिचारे ना निजलेले ना जागे. आणि दिवसा चकलीसारखा कडक मुरुक्कू पुढे केला तर नको म्हणायचे. भातसुद्धा एका बाजूनं चावायचे. ते मला दिसत होतं आणि मी त्याचा अर्थ लावला की माझ्यावर रागावलेत.

एका सकाळी अभ्रा धुवायला काढला तर त्यावर रक्ताचा डाग. रुपयाएवढा.

मी अभ्रा घेऊन तशीच ऊंजलपाशी गेले. "हे काय?"

मी ह्यांना तोंड उघडायला लावलं, दारातल्या उजेडात नेऊन. वरच्या बाजूची हिरडी सोलून निघाली होती.

"अहो, इतकं लागतंय तर काढायची नाही का!"

"तूच म्हणालीस ना, काढू नका म्हणून," हे म्हणाले. "नाही काढली."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले.

तासाभरात आम्ही डॉक्टरच्या खुर्चीत. तिनं हिरडी पाहिली. कपाटातून ह्यांच्या दातांचा प्लास्टरचा साचा काढला, पट्टी त्यावर बसवली आणि एका बोटानं दाबली. टक्. दुसऱ्या बाजूनं दाबली. टक्. पाय मोडलेल्या पाटासारखी ती डुगडुगत होती.

"वाकली आहे," ती म्हणाली. "हिला गरम पाणी लागलं का?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "माझ्याकडूनच झालं. आंघोळीच्या पाण्यात पडली. बादलीत."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोरच्या कॅलेंडरकडे पाहत होते.

"शेळीबिळी काही नव्हती," मी म्हटलं. "मी उकळली. हंड्यात. सांडशीनं धरून."

डॉक्टरीण बिचारी गोंधळली. शेळीची गोष्ट ती केव्हाच विसरली असणार. पण हे हसायला लागले. हिरडी दुखत होती तरी, गालाला हात लावून, खुर्ची हलेपर्यंत हसले. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि ती मुलगी आमच्याकडे पाहत उभी. मग मी तिला एच्चिल, तिथी, सासूबाई, आमटी, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझी आजी असती तर तिनंही हेच केलं असतं, मामी. चूक माझी. मी नुसतं गरम पाणी नको म्हटलं. शुद्ध करायलासुद्धा नको, असं म्हणायला हवं होतं."

रिक्षात मी विचारलं, "तुम्हांला माहीत होतं?"

"सांडशी घेऊन गेलीस ते दिसलं मला."

"मग ओरडला का नाहीत?"

रस्त्याकडे पाहत म्हणाले, "आईची तिथी होती. मलाही वाटलं, उकळून निघालेली बरी."

बघ! म्हणजे मी एकटीच वेडी नव्हते.

नवी पट्टी व्हायला, त्याआधी हिरडी भरायला, काही आठवडे गेले. ते आठवडे माझे मला ठाऊक. डॉक्टरांनी कुशीवर निजायला सांगितलं, म्हणून ह्यांच्या पाठीशी मी लोडांची भिंत रचायची. तरी हे उताणे व्हायचेच. ते हत्तीचं यंत्रही ह्यांनी पुन्हा लावलं, मुकाट्यानं, माझ्यासाठी, जमेल तितके तास. मी घरभर फिरायची. पहाटे दूधवाला आला की जीव भांड्यात पडायचा, आता हे उठतील, आता जागे असतील, आता श्वास त्यांचा त्यांना घेता येईल.

नव्या पट्टीच्या डबीवर डॉक्टरणीनं लाल शाईनं तमिळमध्ये लिहून दिलं आहे: थंड पाणी. शुद्ध करायलाही थंडच पाणी. डबी आता पलंगाशेजारच्या फळीवर असते, घरात. ह्या वर्षीची तिथी आली तेव्हा माझा हात एकदा तिच्याकडे गेला, खोटं कशाला सांगू. मग मी सासूबाईंच्या फोटोकडे पाहून म्हटलं, "वस्तू उष्टी आहे खरी. पण तोंड तुमच्याच लेकाचं आहे." आणि थंड पाण्यानं धुतली. त्या रागावल्या असतील तर मला कळवलेलं नाही.

दुसरी टेस्ट झाली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडं आहे, पण पुष्कळ सुधारलं, मोपेड चालवा, आणि पट्टी दाखवत राहा. हे दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावर. ते परत येईपर्यंत मी दारात.

आणि माझी झोप? ती नाही आली परत, पुरती नाही. आता आवाजच नाही ना! घोरणं असलं की कळायचं, माणूस आहे. आता रात्री जाग येते, खोलीत ए.सी.चा एवढासा आवाज, बाकी काही नाही. हळूच ह्यांच्या नाकाखाली बोट धरते. हल्ली त्यांना कळतं ते. डोळे न उघडता, पट्टी तोंडात तशीच, बोबडं बोबडं म्हणतात, "आए. इवंत आए." मग मी निजते, पुन्हा जाग येईपर्यंत.

म्हणून तुला सांगते. उशी घेऊन हॉलमध्ये पळू नकोस. आणि तुम्ही लोक फोनवर दाबून काहीही मागवता तशी पट्टीही मागवू नकोस. आधी टेस्ट. नुसतंच घोरणं असेल तर घोरू दे, मी त्याची खुशाल चेष्टा करीन. पण मध्ये शांतता पडते का, एवढं मला सांग. मग पुन्हा फोन करून विचारलं तर तू म्हणालीस, "कोण जाणे, मी तर झोपलेली असते." ह्या एका वाक्यानं मी चार दिवस ऊंजलवर टेकलेली नाही.

त्याला घेऊन इकडे ये. रजा नाही, मुलांची शाळा, हे मला सांगू नकोस. वांग्यांची रसवांगी करते, त्याला आवडली होती. पोटभर जेवू दे, टंबलरला तोंड लावून पाणी पिऊ दे, मी काही म्हणणार नाही, आणि मग दुपारच्या उजेडात कूडममध्ये आडवा होऊ दे. मी ऊंजलवर बसते, कड्या वाजू न देता. दोन घटका ऐकलं की मला कळेल. मला आता तो कान आहे. लवकर ये गं. ह्याच महिन्यात ये.